पारसिकचा बोगदा आणि झोपाळ्याची कडी

लोक प्रवासाला निघताना गळ्यात कॅमेरा अडकवतात. आमचा डोंबिवलीकर भाचा मात्र आवाज गोळा करायला निघतो. कसला आवाज म्हणाल, तर कसलाही! देवळातली घंटा, दुधाची किटली, दाराची कडी. घरी आल्यावर त्यातला सेकंद-दीड सेकंदाचा तुकडा कापायचा आणि तो पेटीसारखा पट्ट्यांवर वाजवायचा, हा त्याचा छंद. परदेशात याची महागडी यंत्रे फार वर्षांपूर्वीच निघाली. ऐंशीच्या दशकात तर कॅसिओने 'एसके-१' नावाचे खेळण्याएवढे वाद्यही काढले. त्यात जेमतेम दीड सेकंदाचा आवाज भरता येई. भाच्याने कल्याणच्या एका पथारीवरून लहान मुलांचा मोडका कीबोर्ड उचलला, त्यातली बडबडगीते काढून टाकली आणि पट्ट्यांच्या तारा संगणकाला जोडल्या. खर्च म्हणाल तर एका मिसळीचा.

गेल्या चैत्रात त्याच्याबरोबर मीही हिंडलो. सुरुवात ठाण्याला, कौपिनेश्वराच्या घंटेपासून. ठाण्याचे सुरांशी जुने सख्य आहे. पेटीच्या बारा सुरांत आपली गायकी मावत नाही, ही तक्रार जुनीच; आकाशवाणीने तर १९४० साली पेटीला दारच बंद केले आणि ते १९७१ पर्यंत उघडले नाही. ठाण्याच्याच डॉ. विद्याधर ओकांनी पुढे बावीस श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. सा आणि प अचल, उरलेल्या दहा सुरांच्या दोन दोन श्रुती, असा तो हिशेब. भाच्याच्या खेळण्यात हे काम संगणक करतो. पण कान ओकांसारखा हवा, हे तो प्रामाणिकपणे कबूल करतो.

पुढे पारसिकचा डोंगर. त्यातला बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. जलद लोकल आत शिरली की डब्यातले बोलणे आपोआप थांबे आणि कानात घुमे ती नुसती घरघर. पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये झाली, तेव्हापासून जलद लोकल बाहेरच्या वळणाने जातात. बोगदा राहिला लांब पल्ल्याच्या गाड्यांना. भाच्याने ती घरघर त्याआधीच टिपून ठेवली होती. डाव्या हाताच्या पट्टीवर ती वाजली आणि मला क्षणभर खिशातला पास चाचपावासा वाटला!

या कलेतली मेख मात्र वेगळीच आहे. आवाज खालच्या सुरात न्यायचा तर तो सावकाश फिरवावा लागतो. एक सप्तक खाली गेलात की सेकंदाचे दोन सेकंद होतात आणि घंटेची होते घागर. म्हणून वाद्य टिपणारे दर दोन-तीन सुरांना नवा तुकडा घेतात. पण दाराची कडी काही सा रे ग म म्हणत नाही.

डोंबिवलीत भाच्याच्या आजी मुलाकडे राहतात. त्यांचे सारे आयुष्य कल्याणच्या वाड्यात गेले. आता तो वाडा पाडून तेथे इमारत उठायची होती, आठ दिवसांची अवधी उरली होती. भाच्याने वाड्यातल्या झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज आणला होता. आजींसमोर खेळणे ठेवून त्याने एकेक पट्टी दाबली. आजी ऐकत राहिल्या. मग मधली एक पट्टी त्यांनी स्वतः दाबली.

"हा आमचा. बाकीचे सगळे पाहुणे."

भाच्याचा चेहरा उतरला. आजींनी तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबली.

"आणि हासुद्धा एकच झोका झाला रे. जाताना कडी वेगळी बोलते, येताना वेगळी. हे बसले की आणखी वेगळी बोलायची. तू रिकामा झोपाळा हलवलास ना?"

भाच्याने मान हलवली. पुस्तकांतूनही हेच सांगतात म्हणे, की एका सुराचे चार-पाच तुकडे घ्यावेत, नाहीतर वाद्य यंत्रासारखे वाजते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिघे कल्याणला गेलो. वाड्याची कौले अर्धी उतरली होती. आजींनी पदर खोचला, फळीवरची धूळ हाताने झटकली आणि त्या बसल्या. "मामा, तुम्ही जरा गप्प राहा हं," भाचा मला म्हणाला आणि त्याने मोबाइल वरच्या कडीजवळ धरला.