नागपूरची दुसरी वारी

नागपूर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? संत्री, संत्र्याची बर्फी, तर्रीचे पोहे, सावजीचं झणझणीत जेवण आणि मे महिन्यातला पंचेचाळीस डिग्रीचा उन्हाळा! पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला ज्या नागपुरात नेणार आहे, तिथं प्रवासी कॅमेरा घेऊन येत नाहीत. त्यांच्या हातात असते एक मोठी कापडी पिशवी, आणि पिशवीत फाइल, एक्स-रे आणि दुपारचा डबा. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीहून, इतकंच काय, छिंदवाडा-बालाघाटहूनही ही माणसं पहाटेच्या गाडीनं उतरतात. कॅन्सरच्या उपचारासाठी सगळ्या विदर्भाचा आणि आसपासच्या मुलखाचा रस्ता नागपूरलाच येतो.

उपचाराची ही पहिली वारी कशी होते, ते पुष्कळांना ठाऊक असतं. ऑपरेशन, केमो, शेक… सहा-आठ महिने सगळं घर कंबर कसून उभं असतं. नणंद येते, आई येते, शेजारीण डबा पाठवते. मग एक दिवस डॉक्टर हसून सांगतात, "झालं बरं का तुमचं! आता तीन महिन्यांनी दाखवायला या."

सगळे पेढे वाटतात. आई गावी जाते, शेजारणीचा डबा बंद होतो. आणि नेमकी तेव्हाच ती बाई रात्री छताकडे बघत जागी असते. हात दुखतोय, जिना चढला की धाप लागते, साधा खोकला आला तरी पोटात गोळा येतो. पण सांगायचं कुणाला? "आता बरी झालीस ना तू?" असं म्हणून लोक मोकळे होतात. माझ्या मोठ्या जाऊबाईंचं असंच झालं. त्यांच्याबरोबर मी तपासणीच्या तारखांना नागपूरला जात गेले. ती ही दुसरी वारी. उपचार संपल्यानंतरची.

तुकडोजी पुतळ्यापाशी

मेडिकलकडून मानेवाड्याकडे निघालात की तुकडोजी पुतळ्याचा चौक लागतो. रिक्षावाल्याला "कॅन्सर हॉस्पिटल" एवढंच म्हटलं तरी पुरतं. कॅन्सर रिलीफ सोसायटीचं हे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय. हे नाव किती समर्पक आहे बघा. १९०९ साली यावलीला जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव हिंडले, ग्रामगीता लिहिली, आणि शेवटी त्यांना कॅन्सरनंच गाठलं. ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीच्या गुरुकुंजात त्यांनी देह ठेवला. दुखणं संतालाही सुटलं नाही, मग 'माझंच काय पाप म्हणून मला झालं' असं बायकांनी का म्हणावं? जाऊबाई पहिल्यांदा त्या पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना हेच म्हटलं होतं.

नागपुरात याखेरीज १९४७ साली सुरू झालेलं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, ज्याला सगळे नुसतं 'मेडिकल' म्हणतात. शिवाय वर्धा रोडच्या बाजूला जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. तिच्या पूर्ण इमारतीचं उद्घाटन २०२३ साली झालं. तिकडे जायचं तर मेट्रोनं खापरीपर्यंत जाता येतं, पुढे ऑटो करायचा.

बाकावरचं माहेर

तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर दोन-तीन तास सहज जातात. पहिल्या खेपेला आम्ही कंटाळलो. दुसऱ्या खेपेला कळलं, की खरं औषध तर इथंच आहे!

शेजारी भंडाऱ्याकडच्या एक आजी होत्या. ऑपरेशनला चार वर्षं झालेली. जाऊबाईंनी हळूच विचारलं, "तुमचा हात वर जातो का हो?" आजींनी पदर सावरला आणि तो हात सरळ डोक्यावर नेला. "आधी जात नव्हता ना बाई! भिंतीवर बोटं चालवत गेलो रोज. आता दोरीवर लुगडं वाळू घालतो मी." जाऊबाईंच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते कित्येक महिन्यांत मी पाहिलं नव्हतं.

मग बोलणं सुरू झालं की थांबत नाही. केस परत आले ते कुरळे कसे आले? बोटांना मुंग्या येतात, त्या जातात का? आणि आवाज आणखी खाली आणून, "ह्यांच्या जवळ जायला लाज वाटते गं…" जे सख्ख्या बहिणीला सांगता येत नाही, ते परक्या गावच्या बाईला सांगता येतं. कारण तिला सगळं माहीत असतं.

न्यूयॉर्कमध्ये तेरेसा लॅसर नावाच्या बाईंनी १९५२ च्या सुमाराला हेच ओळखलं. स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर कुणी काहीच सांगेना, म्हणून त्या रबरी चेंडू आणि दोरी घेऊन दवाखान्यातल्या दुसऱ्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या. चेंडू दाबायचा, दोरीनं हात वर ओढायचा. त्यातून उभं राहिलेलं काम पुढे देशोदेशी पसरलं. आपल्याकडे तो चेंडू घरात मुलांचा असतोच, आणि दोरी तर काय, प्रत्येक घरी!

तुम्ही या वारीला जाल तेव्हा बाकावर गप्प बसू नका. आणि तुम्हांला चार वर्षं झाली असतील, तर शेजारच्या नवीन बाईला आपण होऊन विचारा. तुम्ही तिच्या शेजारी ठणठणीत बसलेल्या आहात, हाच तिला मोठा आधार असतो.

हात जपायचा म्हणजे काय?

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हातातलं पाणी नीट वाहून जात नाही आणि हात सुजू शकतो. ऑपरेशननंतर वर्षांनीसुद्धा! आपल्याजवळ याचं छान मोजमाप आहे: बांगडी. काल सहज सरकणारी बांगडी आज अडली, हात जड वाटला, की फिजिओथेरपीच्या खोलीत जाऊन दाखवायचं. सूज लवकर धरली तर आटोक्यात राहते. त्या हातात घट्ट बांगड्या नकोत, रक्तदाब शक्यतो दुसऱ्या हातावर बघायला सांगावा. तव्याचा चटका, विळीचं कापणं, काट्याचं टोचणं टाळावं. पण म्हणून हात गळ्यात बांधून ठेवायचा नाही हं! कणीक मळा, केर काढा, वजन हळूहळू वाढवत न्या. व्यायामानं सूज येते ही समजूत चुकीची आहे.

सुजेसाठी घट्ट बाही देतात, ती नागपूरच्या उन्हाळ्यात घालणं म्हणजे शिक्षाच. आमच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी युक्ती सांगितली: दोन बाह्या ठेवा, रोज एक धुवा, आणि उन्हाची कामं सकाळीच उरका. शेक दिलेल्या जागेची कातडी पुढेही नाजूक राहते; तिथं ऊन लागू देऊ नका, सुती पदर घ्या.

आता ब्लाउजचा प्रश्न. याविषयी कुणी बोलत नाही, पण एका बाजूला पोकळी राहिली की बाई चारचौघींत जायचं टाळते. दुकानात सिलिकॉनचे कप मिळतात, ते महाग असतात आणि घामानं नकोसे होतात. मुंबईच्या साईशा इंडिया फाउंडेशनच्या बायका सुती दोऱ्यानं विणलेले मऊ कप गरजू स्त्रियांना मोफत देतात. तुमच्यापैकी कितीजणी स्वेटर, तोरणं, रुमाल विणता! हेही विणायला काय हरकत आहे? नागपूरला गेलात की गांधीबागेच्या कापड बाजारातून मऊ मलमल आणा आणि ओळखीच्या शिंपीणबाईंकडून ब्लाउजला आतून खिसा लावून घ्या. जाऊबाईंनी तो ब्लाउज घातला आणि वर्षभरानं पहिल्यांदा हळदीकुंकवाला गेल्या.

खर्ऱ्याचं दुखणं

नागपूरच्या बाकावर पुरुषही पुष्कळ दिसतात, तोंडाला रुमाल लावलेले. हा खर्ऱ्याचा प्रताप! सुपारी, तंबाखू, चुना घोटून घोटून तयार केलेली ती पुडी. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण खर्रा काही सुटला नाही. ऑपरेशन आणि शेकानंतर या माणसांचं तोंड उघडत नाही, लाळ सुटत नाही, तिखटाचा कण सहन होत नाही. आणि शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला कुणीच विचारत नाही, की बाई, तुझं कसं चाललंय?

तुमच्या घरी असं असेल तर एक सोपी गोष्ट. आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांत धरून तोंड उघडायचा सराव डॉक्टर शिकवतात. दर थोड्या दिवसांनी एकेक काडी वाढवायची. तो रोज करून घ्या. जेवायला मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी, ताकातली भाकरी. सावजी मसाला काही काळ विसरा! आणि घरातला खर्रा बंद म्हणजे बंद. मुलाचा, दिराचा, सगळ्यांचाच.

चाला आणि बसा

उपचारानंतरचा थकवा हा आळस नाही. तो महिनोन् महिने राहतो आणि नुसतं झोपून जात नाही. उलट थोडं थोडं चालल्यानं कमी होतो. सुरुवात दहा मिनिटांनी करा, वाढवत आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत न्या. नागपुरात मुक्काम असेल तर सकाळी सिव्हिल लाइन्सच्या झाडांखालून चाला, नाहीतर सेमिनरी हिल्सला जा.

मनाला बसायला जागा हवी असते, तीही या शहरात आहे. कुणी स्टेशनजवळच्या टेकडी गणपतीला जातं, कुणी ताजबागेत, कुणी दीक्षाभूमीच्या स्तूपात शांत बसतं. जिथं तुमचं मन निवतं तिथं जा. मात्र नवस बोललाय म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका.

आणि डोळ्यांतलं पाणी थांबतच नसेल, झोप उडाली असेल, कशातच जीव रमत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा फोन नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर हा समज आता सोडू या.

घरच्यांनाही दोन शब्द. तिची भांडी वेगळी ठेवू नका, हा रोग शिवण्यानं होत नाही. 'किती बरी दिसतेस' म्हणण्याऐवजी 'आज काय दुखतंय?' असं विचारा. आणि पेढे वाटले म्हणून सगळी चूल लगेच तिच्या अंगावर टाकू नका. निदान रात्रीचा स्वयंपाक वर्षभर वाटून घ्या.

जाण्यापूर्वी

– स्तनाच्या कॅन्सरनंतर पहिली तीन वर्षं साधारण दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासणी असते. राहिलेल्या स्तनाची मॅमोग्राफी दरवर्षी. दर वेळी सगळ्या अंगाचं स्कॅनिंग लागतंच असं नाही.

– रोजची हार्मोनची गोळी पाच, कधी दहा वर्षंही घ्यावी लागते. बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका.

– नवी गाठ, न थांबणारं हाडाचं दुखणं, वाढती धाप, किंवा सुजलेला हात लाल होऊन ताप आला, तर तारखेची वाट पाहू नका.

– रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला तपासणीला जाण्यासाठीही भाड्यात सवलत आहे: स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, बरोबरच्या एका माणसाला पंच्याहत्तर टक्के. दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्याचा दाखला घ्या. एसटीत मार्च २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना अर्धं तिकीट आहे.

– राहण्याची सोय आणि सरकारी योजनांची चौकशी दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात करावी.

– एका वहीत मनात येतील तसे प्रश्न लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर गेलं की निम्मे विसरतात!

तपासणी आटोपली की लगेच स्टेशन गाठू नका. सीताबर्डीवर एक चक्कर मारा, एखादं सुती पातळ बघा, मुलांसाठी संत्र्याची बर्फी घ्या. आणि बाकावर भेटलेल्या त्या बाईचा पत्ता घेतलात ना? तिची पुढची तारीख विचारून घ्या, म्हणजे तुमचीही त्याच दिवशीची मागता येईल.