मामांची उघडी गाडी

मोटार या विषयातले माझे ज्ञान दार उघडून आत बसण्यापलीकडे कधी गेले नाही. आमची गाडी रस्त्यात बंद पडली, की आमचे यजमान बॉनेट उघडून गंभीरपणे आत पाहतात, मीही शेजारी उभी राहून तितक्याच गंभीरपणे पाहते, आणि मग आम्ही दोघे मेकॅनिकला फोन करतो. अशा मला एका जुन्या मोटारीचा निकाल लावायला इंग्लंडपर्यंत जावे लागेल, असे कुणी सांगितले असते तर मी हसले असते. पण २०२३ च्या मे महिन्याच्या सुट्टीत नेमके तेच घडले.

मोटार माझ्या धाकट्या मामांची. मामा १९७० साली मुंबईहून डॉक्टर म्हणून इंग्लंडला गेले आणि लेस्टरचेच झाले. १९७५ साली त्यांनी चार वर्षे वापरलेली एक एम. जी. बी. घेतली. लाल रंगाची, दोनच माणसांची, उघड्या टपाची. गाडीत बसलेल्या मामा-मामींचा फोटो आजोळी आला तेव्हा आजी म्हणाली होती म्हणे, “एवढा डॉक्टर झाला, आणि गाडी घेतली ती बिनछपराची!”

मामी जाऊन आता दोन वर्षे झाली होती. मामा सत्त्याहत्तर वर्षांचे. तरी दर रविवारी ते एकटेच गाडी काढीत, आणि त्या हिवाळ्यात तीनदा रस्त्यात अडकून पडले होते. मामेबहिणीचा फोन आला, “ताई, तू येतेच आहेस तर त्यांना गाडी विकायला सांग. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.” म्हणजे मी पाहुणी नव्हते, शिष्टाईला निघाले होते. विमानात बसून मी मुद्दे काढले, तासाला जाण्यापूर्वी काढते तसे.

पहिल्याच सकाळी मामांनी माझ्या हातात एक पाना दिला आणि मुद्दे राहूनच गेले.

“गाडी वाईट नाही गं,” मामा म्हणाले, “म्हातारी आहे. म्हातारपणाची दुखणी ठरलेली असतात. ती ओळखली की निम्मं काम झालं.” आणि त्यांनी दुखणी सांगायला सुरुवात केली, वॉर्डातून फिरताना शिकाऊ डॉक्टरांना सांगावीत तशी. दिवे मंद झाले म्हणून कुणी बॅटरी बदलतो. पण बहुधा दोष असतो तारांच्या सांध्यांत. तिथे हिरवट गंज चढतो. सांधा सोडवावा, पॉलिश पेपरने घासावा, पुन्हा घट्ट बसवावा. दोन कार्बोरेटर आहेत. त्यांच्या डोक्यावरच्या नळकांड्यांत तेल कमी झाले की गाडी वेग घेताना आचके देते. पुढच्या चाकांच्या खुंट्यांना दर तीन हजार मैलांनी ग्रीस द्यायचे. विसरलात तर स्टिअरिंग जड होते. २०२१ पासून तिथल्या साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या रबरी नळ्या चिरतात, म्हणून त्या नव्या घातलेल्या. सुटे भाग अजून मिळतात. ही गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत बनली, आणि पाच लाखांहून अधिक बनल्या. त्यामुळे दुखणी सगळ्यांची सारखी, आणि औषधेही दुकानात तयार!

मी पाने देत होते, फडकी देत होते. चार दिवसांत माझी नखे काळी झाली, आणि शिष्टाई जिथल्या तिथे.

रविवारी आम्ही फिरायला निघालो. मामांनी किल्ली फिरवली आणि मागून आवाज आला: टक, टक, टक. मग तो मंदावला. “पेट्रोलचा पंप,” मामा म्हणाले. “विजेचा आहे. कार्बोरेटर भरले की गप्प होतो. तुझी मामी हा आवाज थांबल्याशिवाय ‘चला’ म्हणत नसे.”

आठ-दहा मैलांवर दोन्हीकडे शेते आणि मध्ये अरुंद रस्ता अशा जागी गाडी धापा टाकून थांबली. किल्ली फिरवली, टकटक नाही. मामांनी माझ्या पायांकडे पाहिले. “चप्पल कोल्हापुरी ना? दे इकडे.” ते रस्त्यावर ओणवे झाले. मागच्या उजव्या चाकाच्या पुढे गाडीच्या पोटाखाली त्यांनी चपलेचे दोन फटके दिले. पंप टकटकू लागला! त्या पंपात विजेचे दोन बिंदू सारखे जुळतात आणि सुटतात. गाडी नुसती उभी राहिली की त्यांवर पुटे चढतात. फटका बसला की ते पुन्हा जुळतात. पंप उघडून बिंदू घासणे हा खरा उपाय, फटका ही तात्पुरती मात्रा.

मला हसू आले, पण ते टिकले नाही. ओणवे झालेले मामा उठेनात. गुडघा धरला होता. गाडीच्या दाराचा आधार घेत, माझा हात धरून ते उभे राहिले, आणि परतीच्या वाटेवर फारसे बोलले नाहीत. शिष्टाईची हीच वेळ होती. माझ्याने तोंड उघडवले नाही.

दुसऱ्या दिवशी मामा स्वतःच गाडी गॅरेजमध्ये घेऊन गेले. तिथल्या तरुण मेकॅनिकने जॅक लावून गाडी उचलली, आणि दार काही केल्या नीट लागेना. त्याने दाराखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचला. टोक आत गेले.

मामांनी मला समजावले. बंद गाडीचा काही भार छप्पर पेलते. उघड्या गाडीला छप्परच नाही. तिचा सारा ताठपणा तळाशी, विशेषतः दारांखालच्या उंबरठ्यांत. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तो चिखल आत साचतो आणि पत्रा आतून खातो. वरून रंग तसाच लखलखीत! दुरुस्ती होते, पण ती करताना गाडीला नीट टेकू द्यावे लागतात आणि दाराच्या फटी पुन्हापुन्हा तपासाव्या लागतात. नाही तर वाकलेली गाडी तशीच जोडली जाते, आणि मग दार जन्मात लागत नाही.

“किती दिवस कुरकुरत होतं ते दार,” मामा म्हणाले. “मी बिजागरीला तेल घालत बसलो.”

शनिवारी मामेबहीण आली. गाडी गॅरेजमध्ये टेकूवर उभी आहे हे ऐकून तिला वाटले, माझे काम झाले. माझ्याकडे तिने कौतुकाने पाहिले. मी बशीतला चिवडा वेचू लागले.

“विकणार नाही,” मामा म्हणाले. “वेल्डिंगचे पैसे मी देतो. पण यापुढे चालवायची तू. मी शेजारी बसेन.”

“बाबा, मला नाही जमायची ती. लहानपणी तुम्ही मला त्या गाडीला हात लावू देत नव्हता!”

मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ती चूकच झाली माझी.”

ती उठून खिडकीपाशी गेली. थोड्या वेळाने मागे न पाहताच तिने विचारले, “पंप बंद पडला, तर मारायचं कुठं म्हणालात?”

मी जूनमध्ये परतले. सप्टेंबरात एका रविवारी फोन आला. पलीकडून कुणी बोलेना. नुसते टक, टक, टक. मग ते थांबले आणि डाव्या बाजूने मामांचा आवाज आला, “चला.”