वरच्या वावराचं पाणी

१९ ऑक्टोबर
सोयाबीन निघालं. वरच्या वावरात हरभरा घ्यायचा तर विहिरीचं पाणी वर चढवावं लागेल. मेहकरला दुकानात विचारलं, मोटर किती एचपीची? "साडेसात टाका, कटकट नाही." विहीर किती खोल, वावर किती उंच, काही विचारलं नाही.

२० ऑक्टोबर
दोरीला दगड बांधून सोडला. काठापासून पाणी ४६ फुटांवर.

२२ ऑक्टोबर
गवंड्याची लेव्हलची नळी मागून आणली. एक टोक मुलीकडे, एक माझ्याकडे. बांधामागून बांध चढत गेलो. वरचं वावर काठापेक्षा ३६ फूट उंच भरलं. नजरेला एवढं वाटत नाही. दोन्ही मिळून ८२ फूट, म्हणजे २५ मीटर. पाइप ३२० मीटर.

२४ ऑक्टोबर
मुलीच्या नववीच्या पुस्तकात 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा आहे. १ लिटर पाणी १ मीटर उचलायला ९.८१ ज्यूल. सेकंदाला ५ लिटर, २५ मीटर: १२२६ वॅट. ७४६ वॅटचा एक एचपी. पावणेदोनही होत नाहीत. ती खूश. "आई, मग तीनची पुरे."
पण मोटर आणि पंप मिळून कामाला ५५ टक्केच येतात. लगेच तीन एचपी पूर्ण. पाइपाचं घर्षण अजून धरायचंय.

२५ ऑक्टोबर
लाइन रात्रीची. हे खालच्या वावरात पाणी द्यायला गेले, पहाटे आले. अंधारात साप-विंचू. मला झोप नाही.

२७ ऑक्टोबर
घर्षण मांडलं. पाणी तेच, सेकंदाला ५ लिटर. ६३ मिमीच्या पाइपात सुमारे २० मीटर नुसते घासण्यात जातात. ७५ मध्ये साडेसात. ९० मध्ये तीन. पुन्हा मांडलं, तेच आलं. ६३ टाकणं म्हणजे वावर आणखी ६५ फूट वर नेऊन ठेवणं. पाइप एकदाच घ्यायचा, घासणं रोजचं.

२८ ऑक्टोबर
तुषार सिंचनाला नोझलपाशी दोन किलो दाब हवा, म्हणजे आणखी २० मीटर. ७५ चा पाइप आणि तुषार: साडेबावन्न मीटर, ६.३ एचपी. साडेसात इथून येतात.
ठिबकला १.२ किलो पुरे. ९० चा पाइप आणि ठिबक: ४० मीटर, ४.८ एचपी. पाचात बसतं, काठावर.

३० ऑक्टोबर
मामाजी ऐकत होते. "मोटर मोठी आनशीन, पन पानी कुठून आनशीन?" मोट हाकलेला माणूस. दुपारी बैल सोडले की झरे विहीर भरून काढत, म्हणाले.
रात्री विहीर मांडली. व्यास २० फूट. सेकंदाला ५ लिटर म्हणजे तासाला १८ हजार लिटर. पाणी तासाला दोन फूट उतरणार.

३ नोव्हेंबर
संध्याकाळी जुन्या मोटरीनं उपसा केला, खूण केली, रात्रभर बंद ठेवली. दहा तासांत पाच फूट चढलं. झरा सेकंदाला सव्वा लिटर देतो.
दिवसरात्र मिळून जेवढं येतं ते ५ लिटरनं सहा तासांत संपतं. त्यातच खालचं वावरही भिजवायचं. साडेसात लावले तर तेच पाणी लवकर संपेल, एवढंच.

४ नोव्हेंबर
एकही ओळ लिहवली नाही. कापूस वेचणी.

७ नोव्हेंबर
'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना. अडीच ते पाच एकरांना ५ एचपी, आपला हिस्सा १० टक्के. सातबारा साडेतीन एकरांचा. ऊन असेल तोवर पाणी, आणि विहिरीला तेवढंच झेपतं. यांची रात्रही सुटेल.
हे म्हणतात, ढग आले तर? पाऊस असेल तर पाणी कशाला, मुलगी म्हणाली. नुसतं आभाळ आलं तर अडचण आहेच. ते मी त्यांच्याजवळ नाकारलं नाही.

१० नोव्हेंबर
अर्ज भरला. ५ एचपी. दुकानात ९० च्या पाइपाचा भाव विचारला. ६३ पेक्षा बराच जास्त. घेणार. यंदाचा हरभरा ओलीवरच पेरला.

११ नोव्हेंबर
मार्चात पाणी खाली जाईल, २५ चे ३० मीटर होतील. मुलीनं ४ लिटर धरून मांडलं: ४.२ एचपी. चालतं. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दोरी सोडायची, आकडा इथेच लिहायचा.