कृष्णेच्या उगमापाशी

महाबळेश्वर, पहाटे साडेपाच. आई अजून झोपलीय. गॅलरीत आलो तर धुक्यात समोरची झाडंसुद्धा दिसत नाहीत.

कामाच्या फिरतीवर पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत राहून मॅरियट बॉनव्हॉयचे पॉइंट साठले होते. पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या की त्यातली एक मोफत. म्हणून इथल्या ल मेरिडियनमध्ये पाच दिवस ठरवले आणि लातूरहून आईला घेऊन आलो.

पहिल्या रात्री तिच्यासाठी टबात कोमट पाणी सोडलं. वीतभर भरलं नाही तोच तिनं नळ बंद केला आणि त्यातलंच पाणी मगानं घेऊन आंघोळ उरकली. मी काही बोललो नाही. २०१६च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरपुढं घागरींची रांग लागायची. तांदूळ धुतलेलं पाणी ती तुळशीला घालायची. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. ते पाणी कृष्णेचं.

काल जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री, पाचही नद्या तिथं एका गोमुखातून पडतात. आईनं धारेखाली ओंजळ धरली, पाणी डोळ्यांना लावलं.

"हेच आलं होतं की रे आपल्याकडं रेल्वेनं."

किती वेळ तिथून हलेचना. माझे सगळे पॉइंट तिथंच कारणी लागले.

भरून आणलेली बाटली तिनं उशाशी ठेवलीय. लातूरला न्यायचीय.