खडकाचे वाचन

सह्याद्रीच्या काळ्या खडकावर ज्याचे हात घडले, त्याला बदामीचा तांबूस वालुकाश्म प्रथम परकाच वाटतो. बेसाल्टवरची पकड धरण्यापूर्वी ठोकून पाहावी लागते. वालुकाश्म म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी पाण्याने आणून टाकलेली, दाबाखाली घट्ट झालेली वाळू. त्याच्या आडव्या थरांत बोटांची पेरे मावतील अशा खाचा असतात. परंतु दोन खाचांमधले अंतर माणसाच्या उंचीचा विचार करून ठेवलेले नसते.

ज्या कड्याशी मी तीन हिवाळे झुंजलो, त्यात बोल्ट आधीच बसविलेले आहेत. त्यांत कॅराबिनर अडकवून दोर ओवीत वर जायचे. खाली जोडीदार दोर सांभाळतो. नियम एवढाच, की दोर केवळ पडल्यास झेलण्यासाठी. त्याला लोंबकळून विसावा घेतला, की चढाई पुन्हा तळापासून. मरणाचे भय असे बरेचसे दूर झाल्यावर उरते ते आपल्या असमर्थतेचे. मला ते चौथ्या आणि पाचव्या बोल्टच्या मध्ये भेटत असे. तेथे कडा अंगावर येतो. डाव्या हाताला एका पेराची खाच, पायाखाली नुसता खरबरीतपणा, आणि उजव्या हाताने दूरचा कंगोरा गाठायचा. पायावर भार टाकल्यावाचून घर्षण मिळत नाही, आणि घर्षणाची खात्री असल्यावाचून भार टाकवत नाही. पन्नाशी उलटल्यावर हा पेच केवळ बोटांच्या बळावर सुटणारा नव्हता.

याच गावात अगस्त्य तलावाजवळच्या कड्यावर कप्पे अरभट्टाचा शिलालेख आहे. सातव्या शतकाच्या सुमाराचा हा लेख कन्नड त्रिपदीचा आद्य नमुना म्हणून अभ्यासकांना परिचित आहेच. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५०० चा, म्हणजे इ. स. ५७८ चा लेख आहे. ती लिपी मला वाचता येत नाही. तरीही त्या अक्षरांपुढे उभे असताना वाटले, की कोरणाऱ्यानेही आधी खडकच वाचला असावा: थर कोठे सलग आहे, कोठे छिन्नी लागताच कपची उडेल. घाई केली असती, तर ती ओळ आज आपल्यापर्यंत पोहोचली नसती.

त्यानंतर मी कड्याखाली बसून अधिक वेळ पाहू लागलो. सकाळच्या तिरप्या उन्हात पायासाठी एक उथळ फुगवटा दिसला. दोन हिवाळे तो माझ्या डोळ्यांसमोरच होता. त्यावर टाच खाली सोडून उभे राहिले, की उजवा हात बोटभर पुढे जातो. तिसऱ्या हिवाळ्यात कंगोरा हाती आला. सातव्या बोल्टपाशी मात्र बळ सरले आणि दोराने झेलले.

तो मार्ग अद्याप अखंड चढून झालेला नाही. भिजलेला वालुकाश्म कमकुवत होतो; म्हणून पावसानंतर तो वाळेपर्यंत थांबावे लागते. माझ्या बोटांना असे थांबणे फार काळ परवडणारे नाही. तरीही या हिवाळ्यात खडक कोरडा झाला, की जोडीदाराला निरोप धाडणार आहे.