केशरी स्लायडर

लग्नसराई जवळ आली की फोटोवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रीसेटच्या, म्हणजे फोटोचे रंग एका झटक्यात बदलणाऱ्या तयार सेटिंगच्या, जाहिराती सुरू होतात. शेकडो प्रीसेट, किंमत वडापावच्या दोन-चार प्लेटांची. एक क्लिक केलं की कुर्डुवाडीतलं लग्न इटलीत लागल्यासारखं दिसतं. इटलीबद्दल माझा आकस नाही. माझं भांडण आहे ते त्यातल्या केशरी रंगाशी.

पहिला प्रीसेट मी आमच्या डार्करूमच्या दारावर पाहिला. आतल्या बाजूला जुनं कॅलेंडर उलटं चिकटवलेलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर डार्करूम सांभाळणाऱ्या अण्णांचं पेन्सिलीचं अक्षर: पासाचा फोटो, दोन नंबर पेपर, सेकंद अमुक, मांडवातला फ्लॅश, सेकंद तमुक. आमच्या गावात, कुर्डुवाडीत, बार्शी लाइट रेल्वेचा कारखाना. १८९७ साली इथून बार्शीकडे सुटलेली ती अडीच फुटी रुळांची गाडी आम्हाला घरच्यासारखी होती. कारखान्यातली माणसं फोटोला यायची ती उन्हानं, भट्टीनं रापलेली. अशा चेहऱ्याला कडक पेपर लावला की डोळे आणि दात तेवढे उरतात, बाकी सगळी शाई. म्हणून त्यांच्यासाठी मऊ पेपर आणि वेळ थोडा कमी, अशी वेगळी ओळच अण्णांनी लिहून ठेवली होती. गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, ‘जरा उजळ काढा.’ मग अण्णा भिंग लावून निगेटिव्हवर टोकदार शिसं फिरवत. निगेटिव्हवर शिसं चढलं की प्रिंटवर तेवढी जागा उजळते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जायची. कपाळावरच्या गोंदणाला मात्र त्यांची पेन्सिल लागायची नाही.

पुढे रंगीत आलं आणि हा सगळा निवाडा लॅबच्या मशीनकडे गेला. मशीनचे रंग जुळवायला कोडॅक एका गोऱ्या बाईचा फोटो पाठवत असे. त्याचं नाव शर्ली कार्ड. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. तक्रारी झाल्या त्यासुद्धा आधी लाकडी फर्निचरवाल्यांच्या आणि चॉकलेटवाल्यांच्या, असं सांगतात. सावळ्या माणसांचा नंबर नंतर लागला.

मग कॉम्प्युटर. फोटोशॉपमध्ये १९९६ साली ‘अॅक्शन’ आली: एकदा केलेलं काम रेकॉर्ड करायचं आणि पुढच्या वेळी एका बटणावर सोडून द्यायचं. आमच्याकडे ती पोचली तेव्हा पासपोर्टचं सगळं काम, कापणं, पांढरी कड, चार बाय सहावर आठ प्रती, एका बटणात बसलं. तिथं माझी काही तक्रार नाही. चौकट सगळ्यांची सारखीच असते.

चेहरे सारखे नसतात, आणि गडबड तिथं आहे. लाइटरूम हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये आलं आणि रंगाचेही तयार प्रीसेट मिळू लागले. प्रीसेट म्हणजे साधी लिहिलेली फाइल. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. असाच एक विकतचा मी वाचून पाहिला. केशरीची ल्युमिनन्स वर, पिवळ्याचं सॅच्युरेशन खाली, हिरवा निळसर. आता आपली कातडी कॅमेऱ्याला दिसते ती बहुतेक केशरीत. ती उजळ केली की नवरी गोरी होते आणि गालाचा उठाव जातो. पिवळा मारला की हळदीच्या दिवशीच हळद उतरते. नवरीच्या आईनं एवढी हळद लावली ती कशाला?

म्हणून मी प्रीसेट टाकत नाही, फोडतो. केशरीची ल्युमिनन्स शून्यावर, पिवळा परत जागेवर. नव्यानं सेव्ह करताना व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजरची टिक काढतो, कारण मंगल कार्यालयातली एलईडी आणि दुपारचं आमचं ऊन एका आकड्यात मावत नाही. उन्हाचा वेगळा, हॉलचा वेगळा, हळदीचा वेगळा. लोणच्याचा मसाला विकतचा आणला तरी मीठ घरच्या अंदाजानं पडतं, तसंच हे.

स्किन स्मूथ मात्र कुठल्याच प्रीसेटमध्ये ठेवत नाही. पंढरपूर इथून पन्नासेक किलोमीटर. आषाढीला स्टेशनावर माणूस मावत नाही. त्या गर्दीतल्या एका आजींचा फोटो नव्या पोरानं ऑटोवर टाकला. कपाळावरचा बुक्का डाग म्हणून गेला, हनुवटीवरचं गोंदण तीळ म्हणून गेलं, सुरकुत्याही गेल्या. उरल्या त्या कुणाच्याच आजी नव्हत्या. पोरगं म्हणालं, ‘क्लीन झालाय ना!’ सॉफ्टवेअरला डाग आणि खूण यातला फरक कळत नाही, हे समजू शकतो. पण त्या पोराची स्वतःची आजी गोंदलेली आहे.

तेव्हा लग्नाला फोटोवाला ठरवताना त्याचा चकचकीत अल्बम बघून भुलू नका. हॉलच्या दिव्याखाली काढलेला एखाद्या सावळ्या माणसाचा फोटो मागा, आणि हळदीचा एक. ते दोन बरे असले तर इसार द्यायला हरकत नाही.