बाटलीवरची चिठ्ठी



लग्न होऊन जिंतूरला आले तेव्हा सासरच्या स्वयंपाकघरात एक गोष्ट पाहून मला हसू आले होते. फळीवरच्या प्रत्येक डब्याला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असायची. ज्वारीचे पीठ, दळले सोमवारी. धने पूड, कुटली गुरुवारी. सासूबाई दुसरी-तिसरीपर्यंतच शिकलेल्या, अक्षर वाकडेतिकडे, पण चिठ्ठीशिवाय डबा फळीवर जायचा नाही. पिठाची आणि कुटलेल्या मसाल्याची मर्यादा हिवाळ्यात ७ दिवस, उन्हाळ्यात ५, पावसाळ्यात ३. वार लिहिला नाही तर मोजणार कशी? चातुर्मासात गावात माताजींचा चौका लागला की आमच्या घरच्या पिठाबद्दल कुणी दुसऱ्यांदा विचारत नसे.

ही आठवण आत्ता यायचे कारण आमच्या सूनबाईचा सॉस.

आमचे कापडाचे दुकान. पूर्वी लग्नसराईत बसायला जागा नसायची, आता मुलीसुद्धा मोबाईलवर साड्या मागवतात. नातवाची कॉलेजची फी वाढली आणि दुकानाची विक्री घटली, हे जमाखर्चाच्या वहीत मला दिसतच होते. मराठवाडा विद्यापीठाची बी.कॉम. आहे मी, १९८२ ची. नोकरी केली नाही, पण दुकानाची वही आजही मीच लिहिते. घरात बोलून दाखवले नाही, तरी सूनबाईला कळले असावे.

नात पुण्याला होस्टेलवर असते. तिथे सगळ्या मुली कशावरही तो लाल तिखट सॉस ओततात. तिने एकदा बाटली वाचली आणि फोन केला, "आजी, यात लसूण आहे." अमेरिकेत एका व्हिएतनामहून आलेल्या माणसाने १९८० साली सुरू केलेला तो कोंबड्याच्या चित्राचा श्रीराचा सॉस जगभर गाजला, त्यात लसूण आहेच. आणि खाण्याच्या बाटलीवर कोंबडा पाहून आपल्या घरात कोण ती फोडणार? त्याहून जुना टबॅस्को, १८६८ पासूनचा, त्यात फक्त मिरची, मीठ आणि व्हिनेगर. म्हणजे लसणाशिवाय तिखट सॉस होतो, हे तर जगाने आधीच सिद्ध केले आहे. सूनबाईने ठरवले, आपण करून पाहू.

तिने धर्माबादची लाल मिरची आणली. चिंच आपल्या भागात काय कमी आहे! चिंचेचा कोळ, गूळ, सैंधव, सुंठ, जिरे आणि हिंग. सुरुवातीला १० बाटल्या नातीच्या मैत्रिणींकडे गेल्या, मग २४, मग मंडळातल्या बायकांनी मागितल्या. एक दिवस सूनबाई म्हणाली, "आई, आता नीट लेबल पाहिजे. तुमचं अक्षर चांगलं, हिशोब चांगला. लेबल तुम्ही करा." मला वाटले दोन तासांचे काम आहे. दोन महिने लागले.

पहिले लेबल डीटीपीवाल्या मुलाने केले. लाल रंगावर ज्वाळा, त्यात हसणारी मिरची, आणि सगळा मजकूर पिवळ्या अक्षरांत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले माझे डोळे, मला काही म्हणता काही वाचता येईना. वर मोठे "१००% शुद्ध घरगुती". मी ते घेऊन नियम वाचत बसले. कॉलेजात कंपनी कायदा वाचला होता, त्यापेक्षा हे सोपे आहे, भिऊ नका. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी पापड, मसाले, लाडू विकत असाल म्हणून सांगते.

आधी अन्नसुरक्षेची नोंदणी. आम्ही काढली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यवसायाला साधी नोंदणी पुरत होती, फी वर्षाला १०० रुपये. तो १४ आकडी क्रमांक लेबलवर हवा. मग पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचे ती तारीख, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन, सर्व करांसह किंमत, आणि आता एका ग्रॅमला किती पडते तेही. आमची २०० ग्रॅमची बाटली १२० रुपयांना, म्हणजे ग्रॅमला ६० पैसे. घटक लिहिताना जे वजनाने सर्वांत जास्त ते पहिले. आम्ही ऐटीत मिरची पहिली लिहिली होती; तोलून पाहिले तर चिंचेचा कोळ जास्त निघाला. गुपचूप क्रम बदलला.

आणखी एक चूक आमची. सगळे लेबल मराठीत केले होते. नियमाप्रमाणे इंग्रजी किंवा देवनागरीतली हिंदी असावीच लागते, मराठी त्याच्या जोडीला चालते. मग दोन भाषा झाल्या आणि इंग्रजीत नवी अडचण आली. मुलाने सुंठीचे नुसते "जिंजर" केले. आपल्या बाया "जिंजर" वाचून बाटली खालीच ठेवणार, कारण ओले आले आपल्याला चालत नाही, वाळलेली सुंठ चालते. "ड्राय जिंजर पावडर" असे करून घेतले. एका शब्दाचा फरक, पण आपल्यासाठी तो भक्ष्याभक्ष्याचा फरक आहे.

"शुद्ध" शब्द मीच काढला. नैसर्गिक, शुद्ध, अस्सल असे शब्द कधी वापरायचे याला २०१८ पासूनच्या नियमांत अटी आहेत. शिवाय माझ्या मनात आले, "शुद्ध" हा शब्द आपण चौक्यासाठी वापरतो. तो बाटलीवर स्वस्त करू नये.

वजनाचे तर ऐका. बाटली २०० मिलीची म्हणून लेबलवर २०० ग्रॅम छापायला निघालो होतो. मी २४ बाटल्या रिकाम्या आणि भरलेल्या दोन्ही वेळा तोलल्या. काही १९६ ग्रॅम, काही २०५. सूनबाई म्हणाली, "आई, चार ग्रॅमनं कुणाला काय कळतंय?" मी वही काढली. १०० बाटल्यांत ४ ग्रॅम म्हणजे ४०० ग्रॅम, म्हणजे पूर्ण दोन बाटल्या, २४० रुपये. "हे २४० रुपये कोणाचे?" मी विचारले. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत मापात कमीजास्त करणे आहे आणि एकाच्या नावाखाली दुसरे खपवणेही आहे. दुकानात मीटरपट्टी धरताना सासरे तेच सांगायचे. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाटली शिक्का मारलेल्या काट्यावर भरू लागली. २०० च्या खाली एकही जात नाही.

आता मुख्य गोष्ट. सूनबाईला लेबलच्या मधोमध मोठ्या अक्षरांत "जैन सॉस" हवे होते. तिचे म्हणणे खोटे नव्हते. तो शब्द पाहूनच ग्राहक बाटली उचलेल. नुसत्या हिरव्या ठिपक्यावर आपले भागत नाही. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका एवढेच सांगतो की यात मांस, मासे, अंडे नाही. मध असले तरी ठिपका हिरवाच राहतो, आणि मधाचा त्याग तर आपल्या मूलगुणांत आहे. कांदा, लसूण, बटाट्याचे तर विचारूच नका. (मांसाहाराची खूण आता तपकिरी त्रिकोण आहे, पूर्वी गोल होता. रंग ओळखू न येणाऱ्यांना दोन्ही ठिपके सारखेच दिसत, म्हणून आकार बदलला. घरच्या मुलांना हे सांगून ठेवा.)

तरी माझा हात अडखळला. कारण बाटलीच्या खाली आम्हीच छापणार होतो, "तयार केल्यापासून ३ महिने". अन्नतंत्र शिकलेल्या एका ओळखीच्या मुलीने सांगितले होते की आंबटपणा पीएच ४.६ च्या खाली असलाच पाहिजे, त्याशिवाय बाटलीबंद सॉस धोक्याचा. नमुना तपासून घेतला होता, ३ महिन्यांना अडचण नव्हती. पण सरकारची मर्यादा ३ महिने आणि आपली मर्यादा? कुटलेल्या मिरचीला पावसाळ्यात ३ दिवस. ज्यांनी प्रतिमा घेतल्या आहेत, ज्यांचे मर्यादेचे नियम आहेत, त्यांनी हा सॉस चालणार नाही हे उघडच आहे. मी स्वतः दशलक्षणात त्याला हात लावत नाही. मग त्यावर "जैन" लिहायचे कसे?

त्याच आठवड्यात मंदिरात आमच्या एका वयस्कर काकूंनी विचारले, "तुझ्या सुनेचा तो सॉस जैन आहे म्हणे. मला चतुर्दशीला चालेल का गं?" काकूंना डोळ्यांनी कमी दिसते, त्या विचारूनच खातात. मी पटकन "हो" म्हणू शकले असते. मी म्हटले, "नाही काकू, तुमच्या नियमात बसणार नाही." काकू हसल्या, "बरं झालं सांगितलंस." मला मात्र घरी येईपर्यंत एकच विचार. मी होते म्हणून सांगितले. बाटली पुण्याला, हैदराबादला जाईल तिथे सांगायला मी कुठे असणार?

घरी तीन दिवस अबोला नाही म्हणता येणार, पण बोलणे मोजकेच होते. सूनबाई म्हणाली, "तुम्ही खात नाही ते मी विकते, असंच ना? नातीच्या फीचं काय करायचं मग?" तिचे डोळे भरले होते. मला उत्तर नव्हते. खरे तर या प्रश्नाचे पूर्ण उत्तर आजही माझ्याकडे नाही. नात होस्टेलवर लसणाचा सॉस खाण्यापेक्षा हा खाते, हे बरेच आहे. पण बरे आणि निर्दोष यांत अंतर आहे, ते मी शब्दाने झाकू शकत नाही.

चौथ्या दिवशी पहाटे सासूबाईंची चिठ्ठी आठवली. त्या डब्यावर "शुद्ध" लिहायच्या नाहीत, "जैन" लिहायच्या नाहीत. दळले सोमवारी, एवढेच. मोजायचे काम खाणारीचे.

मी सूनबाईला बोलावले आणि पेन्सिलने लेबल काढून दाखवले. पांढरा कागद, काळी ठळक अक्षरे, एका कडेला एकच लाल मिरची. "जैन" शब्दाच्या जागी एक चौकट: "कांदा नाही. लसूण नाही. बटाटा नाही. ओले आले व इतर कंदमुळे नाहीत. मध नाही." आणि तिच्याखाली तयार केल्याची तारीख, दिवस-महिना-वर्ष, बाकी मजकुराच्या दुप्पट मोठी. जिला मर्यादा पाळायची ती तारीख पाहील आणि ठेवून देईल. जिला नाही ती घेईल. फसवले कुणालाच जाणार नाही. सूनबाईने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "चौकट हिरवी करू या. लांबून दिसेल." तिचे बरोबर होते, केली.

छापायला देणार तोच शेजारच्या वहिनी आल्या. त्यांच्या नातवाला गहू अजिबात चालत नाही, डॉक्टरांनी बंद केला आहे. त्यांनी सहज विचारले, "यात गहू नाही ना?" मी हसून नाही म्हणणार होते, तेवढ्यात हिंगाची डबी आठवली. काढून वाचली. डबीतल्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले होते! चिमूटभर हिंग, पण त्या मुलाचा त्रास चिमटीने मोजता येत नाही. लेबलवर वेगळी ओळ आली, "यात गहू आहे (हिंगामधून)". आता बिनगव्हाचा हिंग शोधतो आहोत, मिळाला की ओळ काढू.

कागद साधा घेऊ नका, एवढे जाता जाता सांगते. तेलाचे बोट लागले की शाई पसरते. लॅमिनेशन केलेले स्टिकर घ्या आणि बाटली पूर्ण गार व कोरडी झाल्यावरच चिकटवा. तारीख आणि बॅच छापायला जागा मोकळी ठेवा, नाहीतर दर वेळी नवीन छपाई.

विक्रीचे विचाराल तर एका दुकानदाराने बाटली परत केली, म्हणाला, "जैन लिहिलं असतं तर ठेवली असती." वाईट वाटले. पुण्याच्या प्रवीण मसालेवाल्यांची सुरुवातही १९६२ साली हुकमीचंद आणि कमलाबाई चोरडियांनी घरातूनच केली होती, असे सांगून मी सूनबाईची समजूत काढते. पण फोनवरून ऑर्डरी येतात. गेल्या महिन्यात ८५ बाटल्या गेल्या. वहीत त्याचे वेगळे पान उघडले आहे.

त्या काकू परवा पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, "सुनेला सांग, नातवासाठी दोन बाटल्या दे. तारीख मोठी केलीस ते चांगलं केलंस, मलाही वाचता आली."

तुमच्या घरातल्या डब्यांवर अजून चिठ्ठ्या असतात का? नसतील तर आजपासून लावा. पेन्सिल आणि कागद, एवढाच खर्च आहे.

जय जिनेंद्र.